कार्बनचा सोलर सेल करायचाय? आधी कार्बनचं काम ठरवा

एमएस्सीच्या प्रोजेक्टला किंवा पीएचडीच्या पहिल्या वर्षी 'कार्बन नॅनोमटेरियल आणि सोलर सेल' हा विषय घेऊन दरवर्षी कुणीतरी येतंच. विषय पक्का असतो, पण सेलमध्ये कार्बनने नेमकं काय करायचं हे कुणी ठरवलेलं नसतं. प्रकाश शोषायचा, सिलिकॉनशी जंक्शन (विजेचे वाहक वेगळे करणारा सांधा) जमवायचं, की नुसता इलेक्ट्रोड व्हायचं? ही तिन्ही कामं त्याने करून दाखवली आहेत. तरी हाताशी एक वर्ष, एक स्पिन कोटर (गरगर फिरवून पातळ थर देणारं यंत्र) आणि एक मफल फर्नेस (छोटी विजेची भट्टी) असेल तर तिन्ही वाटा सारख्या नाहीत. (घराच्या छतासाठी विचारत असाल तर पुढे वाचू नका, सरळ सिलिकॉनचं पॅनेल घ्या.)

सगळ्यात मोह पडतो तो संपूर्ण कार्बनच्या सेलचा. २०१२ मध्ये स्टॅनफर्डला झेनान बाओ यांच्या गटाने तो केला: मध्ये अर्धवाहक नॅनोट्यूब (कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या) आणि सी-६० (साठ अणूंचा चेंडूसारखा कार्बन), आणि इलेक्ट्रोडसुद्धा ग्राफीनचा (कार्बनच्या अतिपातळ पत्र्यांचा) नि नॅनोट्यूबचा. कार्यक्षमता (पडलेल्या प्रकाशातला किती भाग वीज होतो) १ टक्क्याच्याही खाली. त्यानंतर २०१४ च्या सुमारास वेगवेगळ्या व्यासांच्या नळ्या एकत्र वापरून आकडा ३ टक्क्यांच्या आसपास गेला, पण त्या सेलचे इलेक्ट्रोड कार्बनचे नव्हते. अडचण मुळातच आहे. एकपदरी नॅनोट्यूब तयार करताना साधारण एक तृतीयांश नळ्या धातूसारख्या निघतात आणि प्रकाशाने तयार झालेले एक्सायटॉन (इलेक्ट्रॉन आणि त्याची रिकामी जागा यांच्या जोड्या) गिळून टाकतात. त्या वेगळ्या काढणं हाच एक स्वतंत्र प्रोजेक्ट. शिवाय एक्सायटॉन फार लांब चालत नाही, म्हणून थर अगदी पातळ ठेवावा लागतो. पातळ ठेवला तर प्रकाश पुरेसा शोषला जात नाही, जाड केला तर शोषलेलं हाती लागत नाही.

या वाटेचा एक धागा आपल्याकडचा आहे. आयआयटी मुंबईत महेश्वर शेरॉन आणि सहकाऱ्यांनी कापराच्या काजळीतून फुलरीन (सी-६० च्या कुळातले कार्बन) मिळवले. तो शोधनिबंध १९९४ मध्ये 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स'मध्ये आला. पुढे कापरापासूनच्या कार्बनचे सोलर सेलही करून पाहिले गेले. कापूर जळला की मागे काही उरत नाही असं आपण म्हणतो, पण ज्योतीवर ताटली धरून बघा, बोट काळंकुट्ट होतं. कच्चा माल देवघरात मिळतो म्हणून विद्यार्थ्यांना हा विषय फार आवडतो. काजळी, तिचं रामन, तिचा एक्सआरडी (दोन्ही रचना ओळखायच्या चाचण्या), एवढाच प्रोजेक्ट असेल तर उत्तम. त्यातून सेल चालवून दाखवीन असं मात्र सिनॉप्सिसमध्ये लिहू नका.

दुसरी वाट सिलिकॉनवर नॅनोट्यूबची. निकाल लवकर हवा असेल तर ही चांगली. एन-टाइप (जादा इलेक्ट्रॉनच्या) सिलिकॉनच्या चकतीवरच्या, म्हणजे वेफरवरच्या, ऑक्साइडमध्ये खिडकी कोरायची. नॅनोट्यूबचं द्रावण सेल्युलोज एस्टरच्या मेंब्रेनवर गाळायचं, तो तुकडा खिडकीवर उलटा ठेवून मेंब्रेन अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवायचं. मागे उरते कोळिष्टकासारखी करडी फिल्म, तीही अशी की फुंकर मारली तर कोपरा उचलला जातो. कडेला सिल्व्हर पेंट, खाली गॅलियम-इंडियम, आणि त्याच दिवशी व्होल्टेज मिळतं. २००७ मध्ये असे सेल १ टक्क्याच्या थोडे पुढे होते. २०११ मध्ये विरल नायट्रिक अ‍ॅसिड मुरवून तो आकडा १३.८ टक्क्यांवर नेला गेला. पण अ‍ॅसिड उडून गेलं की परिणामही ओसरतो. आणि खरं सांगायचं तर इथे प्रकाश शोषण्याचं काम जवळजवळ सगळं सिलिकॉनच करतो. नॅनोट्यूब पारदर्शक जोडीदार. ऑक्साइड काढायला हायड्रोफ्लुओरिक अ‍ॅसिड लागतं. लॅबमध्ये त्याने भाजलं तर लावायचं कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल नसेल तर ही वाट सोडा. इथे मी सूट देणार नाही.

माझं मत तिसऱ्या वाटेला: पेरोव्हस्काइट सेल (प्रकाश शोषणारा थर शिसं आणि आयोडाइड असलेल्या स्फटिकाचा) आणि वर कार्बनचा इलेक्ट्रोड. एरवी तिथे सोनं किंवा चांदी चढवतात. चांदी आयोडाइडशी बिघडते, सोनं कालांतराने थरात झिरपतं, आणि दोन्हींना व्हॅक्यूम कोटर लागतो. कार्बनचं वर्क फंक्शन (इलेक्ट्रॉन बाहेर काढायला लागणारी ऊर्जा) सोन्याच्या जवळचं, तो आयोडाइडला दाद देत नाही, आणि पाणीही बऱ्यापैकी बाहेर ठेवतो. २०१४ मध्ये वुहानच्या होंगवेई हान यांच्या गटाने असा छापील सेल 'सायन्स'मध्ये दाखवला: प्रमाणित १२.८ टक्के, आणि उघड्या हवेत पूर्ण उन्हात १००० तासांवर टिकलेला. त्यानंतर ही जात १८ टक्क्यांच्या पुढे गेली. सोन्याच्या इलेक्ट्रोडचे सेल अजून वरचढ आहेत, कारण कार्बनचा १० मायक्रॉनचा थरसुद्धा धातूइतका चांगला वाहक नसतो आणि फिल फॅक्टर (सेलची वीज प्रत्यक्षात किती हाती येते त्याचं माप) तिथे मार खातो.

करायला मात्र मजा येते. एफटीओ काचेवर (वीज वाहणारा पारदर्शक लेप असलेल्या) टायटॅनियम डायऑक्साइड, मग झिर्कोनिया, मग कार्बनची पेस्ट. लग्नपत्रिका छापणाऱ्याकडे असते तशीच जाळी आणि रबरी पट्टी. कार्बन ४०० अंशांना भाजायचा. शेवटी लेड आयोडाइड आणि मिथिलअमोनियम आयोडाइड यांच्या पिवळ्या द्रावणाचा थेंब काळ्या थरावर सोडायचा. तो वरून जिरतो, आणि ५० अंशांच्या हॉटप्लेटवर सुकताना काच उलटी करून पाहिली तर पिवळं हळूहळू गडद तपकिरी होताना दिसतं. ग्लोव्ह बॉक्सविना (हवाबंद पेटीविना) हे जमतं. एकच खोच: पेस्टमधला ग्राफाइट मायक्रॉनच्या मापाचा असतो, 'नॅनो' म्हणावा असा फक्त कार्बन ब्लॅक (बारीक काजळी). शीर्षकात 'नॅनो' हवंच असेल तर पेस्टमध्ये थोड्या नॅनोट्यूब मिसळून वाहकता किती बदलते ते मोजा, प्रश्नही नेमका होतो. शिसं बेसिनमध्ये ओतू नका, बाटली वेगळी ठेवा.

कुठलीही वाट धरा, मास्क (ठरावीक मापाचं छिद्र असलेला काळा पत्रा) आधी कापून घ्या. माझा पहिला सेल मी मास्कशिवाय मोजला आणि गाइडना पेढे दिले. दुसऱ्या दिवशी काळ्या पत्र्यात छिद्र पाडून मोजला तर आकडा जवळजवळ एक तृतीयांशाने खाली आला. खिडकीबाहेर पडलेला प्रकाशही मी माझ्या खात्यात धरला होता. पेढे तोवर संपले होते.