जुनी गाडी महिन्यातच बंद पडली: ग्राहक आयोग की दिवाणी कोर्ट?

आधी पाहायचं गाडी कोणाकडून घेतली. जुन्या गाड्यांचा धंदा करणारा डीलर असेल तर २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा लागतो. जिल्हा आयोगात तक्रार दोन वर्षांच्या आत, आपण राहतो त्याच जिल्ह्यात करता येते. ५ लाखांपर्यंतच्या गाडीला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही.

शेजाऱ्याकडून किंवा जाहिरात पाहून खाजगी व्यक्तीकडून घेतली असेल तर आयोग उपयोगाचा नाही. मग दिवाणी दावा, साधारण तीन वर्षांची मुदत, रकमेनुसार कोर्ट फी. शिवाय विकणाऱ्याने खोटं सांगितलं हे सिद्ध करावं लागतं. तो नुसता गप्प बसला आणि साध्या तपासणीत दोष कळला असता, तर व्यवहार रद्द करून घेणं अवघड.

दोन्हीकडे केस बिघडते ती एकाच ठिकाणी: गॅरेजवाल्याने इंजिन आधीच खोललेलं असतं. इंजिन खोलण्याआधी विकणाऱ्याला नोटीस द्या. अधिकृत वर्कशॉपचं जॉब कार्ड (गाडीतला दोष आणि काम यांची नोंद), ओडोमीटरचा म्हणजे किमी दाखवणाऱ्या मीटरचा फोटो आणि जुनी सर्व्हिस हिस्टरी घ्या. गेल्या वर्षी ९०,००० किमीची नोंद आणि आज मीटरवर ५२,०००, एवढा कागद पुष्कळ बोलतो. करारात ‘आहे त्या स्थितीत’ लिहिलंय म्हणून लगेच हार मानू नका. मीटर मागे फिरवणं त्यात झाकलं जात नाही.