पाच पायथन एकाच मशीनवर: पायएन्व्ह वापरून बघितल्यावर

पायथन या प्रोग्रामिंग भाषेची नवी आवृत्ती दरवर्षी ऑक्टोबरमध्ये येते आणि तिला पाच वर्षं सपोर्ट असतो. म्हणजे कधीही बघा, चार-पाच पायथन एकाच वेळी चालू असतातच. माझी छोटीशी लायब्ररी वापरणाऱ्यांत कोणी ३.१० सोडायला तयार नाही, कोणाला कालच आलेली आवृत्ती हवी. टेस्ट सगळ्यांवर चालवायच्या, तर सगळे पायथन एका मशीनवर हवेत. त्यासाठी मी उबुंटू लिनक्सवर पायएन्व्ह (pyenv) वापरतो, एकाच मशीनवर अनेक पायथन सांभाळणारं टूल. चकटफू आहे, रूबी भाषेवाल्यांच्या आरबीएन्व्ह या तशाच टूलवरून घेतलेलं आहे, आणि जवळजवळ सगळं शेल स्क्रिप्टमध्ये लिहिलेलं. काही अडलं की फाइल उघडून वाचता येते, हे मला फार आवडतं.

पायथन इन्स्टॉल करायला एक कमांड पुरते, पण ती तयार पायथन आणत नाही. सोर्स कोड उतरवून तुमच्या मशीनवर कंपाइल करते, म्हणजे तिथेच बांधते. त्यामुळे आधी लगीन कोंढाण्याचं: बिल्ड-इसेन्शियल, ओपनएसएसएल (एन्क्रिप्शनची लायब्ररी), झेडलिब, बीझिप२, रीडलाइन, एसक्यूलाइट, एफएफआय, एलझेडएमए, टीके यांची डेव्ह पॅकेजेस, म्हणजे बांधणीला लागणाऱ्या फाइली. ओपनएसएसएल नसेल तर बिल्ड पडतं आणि लॉग टेम्प फोल्डरमध्ये सापडतो, ते ठीक. खरी डोकेदुखी एसक्यूलाइट किंवा बीझिप२ ची. ती नसली तर एक वॉर्निंग येते आणि इन्स्टॉल मात्र यशस्वी! रात्री सगळे पायथन आपोआप बांधणारी स्क्रिप्ट लावून झोपलात तर ती वॉर्निंग वाचणार कोण?

म्हणून माझ्या स्क्रिप्टचा अर्धा भाग तपासणीचाच आहे. आधी ॲप्टने (उबुंटूचा पॅकेज मॅनेजर) पॅकेजेस, मग पायएन्व्हच्या फोल्डरमध्ये गिट पुल करून ताजे बदल, कारण कुठल्या आवृत्त्या बांधता येतात त्याची यादी त्याच फोल्डरमधल्या फाइलींत असते. पुल केलं नाही तर नवी आवृत्ती त्याच्या गावीच नसते. मग साधा फॉर लूप: ३.१०.१४, ३.११.९, ३.१२.४ असे पूर्ण आकडे, आणि इन्स्टॉलला उणे एस, म्हणजे आधीच असलेली आवृत्ती गाळून पुढे. प्रत्येक पायथन बांधून झाला की त्याच्याकडून एसएसएल, एसक्यूलाइट३, बीझेड२, एलझेडएमए, सीटाइप्स आणि टीकेइंटर इम्पोर्ट करून घ्यायचे. एकही अडला तर आवृत्तीचं नाव नापास यादीत, आणि लूप चालू. इथे सेट उणे ई या शेलच्या पर्यायावर विसंबू नका, पहिल्याच अपयशाला सगळं थांबतं.

शेवटी पायएन्व्ह ग्लोबल या कमांडला सगळ्या आवृत्त्या एका ओळीत द्यायच्या. बऱ्याच जणांना हे चालतं हेच माहीत नसतं. पहिली आवृत्ती नुसत्या पायथन नावाने मिळते, बाकीच्या पायथन३.११, पायथन३.१० अशा, आणि टॉक्सला (अनेक पायथनवर टेस्ट चालवणारं टूल) सगळ्या आपोआप सापडतात.

क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप, चालवणार असाल तर पायएन्व्ह रूट आणि पाथ ही दोन सेटिंग्ज स्क्रिप्टमध्येच लिहा. उबुंटूची बॅशआरसी (शेल सुरू होताना चालणारी फाइल) इंटरॅक्टिव्ह शेल नसेल तर वरच्या ओळींतच माघारी फिरते, तिच्या तळाशी लिहिलेलं काहीच चालत नाही.

वेग? नाव काढू नका. ऑप्टिमायझेशनचा पर्याय लावून पाच आवृत्त्या बांधायच्या तर जुना लॅपटॉप बराच वेळ पंखा फिरवत बसतो.  नुसते पायथन हवे असतील तर यूव्ही (uv) हे टूल घ्या, ते तयार बांधलेले पायथन उतरवतं आणि चहा उकळायच्या आत मोकळं होतं. नोड, रूबी असं सगळं एकत्र सांभाळायचं असेल तर एएसडीएफ किंवा मीझ (mise) हे टूल. मी पायएन्व्हवर थांबलोय ते एकाच कारणासाठी: यूव्हीच्या पायथनमध्ये ओपनएसएसएल आतच बांधलेलं येतं, आणि मला टेस्ट करायची असते सर्व्हरवरच्या, ॲप्टने आलेल्या ओपनएसएसएलवर.

विंडोजवाल्यांनी डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) वापरावं. पायएन्व्ह-विन नावाचा प्रकल्प आहे, पण तो वेगळा.

उबुंटू २०.०४ वरून २२.०४ वर जाताना मात्र जपून. ओपनएसएसएल १.१ जाऊन ३ येतं आणि आधी बांधलेल्या पायथनमध्ये एसएसएल इम्पोर्टच होत नाही. उणे एसला वाटेल आवृत्ती आहेच, आणि ते ती गाळेल. अशा वेळी स्क्रिप्टमध्ये त्याच्या जागी उणे एफ टाकून सगळे पायथन नव्याने बांधून घ्यायचे.