नेपाळहून कुकरी मागवणाऱ्यांनो, माझ्या 29,750 रुपयांचा हिशेब आधी वाचा

नेपाळमधील कारागिराकडून थेट कुकरी, म्हणजे गोरख्यांचा बाकदार सुरा, मागवण्याच्या नादात माझे 29,750 रुपये गेले आहेत आणि ते परत मिळण्याची आशा मी जवळजवळ सोडून दिली आहे. ऑनलाइन गंडा कसा घातला जातो हे आता शाळकरी मुलांनाही ठाऊक असते, त्यामुळे आधी आगाऊ रक्कम, मग उरलेली रक्कम, मग कसले तरी शुल्क, ही साखळी मी समजावून सांगत बसत नाही. मला सांगायचे आहे ते निराळेच आहे. या भामट्यांनी मला पार्सल पाठवले, आणि त्या पार्सलमुळेच माझी तक्रार कुठेही उभी राहू शकली नाही.

मला भाबडा ठरवणाऱ्या नातेवाइकांसाठी एवढे नमूद करतो की या विषयात मी नवखा नाही. जुने अडकित्ते, विळे आणि कोयते मी वर्षानुवर्षे जमवत आलो आहे. कुकरीबद्दलही मी पुरेसे वाचले होते. ट्रकच्या जुन्या कमानपाट्यांपासून पाते घडवतात, विश्वकर्मा समाजाचे लोहार ते अख्खे पाण्यात न बुडवता तापलेल्या धारेवर किटलीतून पाण्याची बारीक धार सोडतात, त्यामुळे धार कडक होते आणि पाठ चिवट राहते, हे सारे मला माहीत होते. मी विक्रेत्याला मुद्दाम हेच प्रश्न विचारले. त्याने प्रत्येकाचे बिनचूक उत्तर दिले, आपली भट्टी पूर्व नेपाळमधील भोजपूरला आणि दुकान तिकडच्याच धरानला असल्याचे सांगितले, आणि किटलीने पाणी देतानाचे छायाचित्रही पाठवले. ते छायाचित्र कोणा खऱ्या लोहाराच्या भट्टीतून उचललेले होते हे नंतर कळले. त्या बिचाऱ्याला याचा पत्ताही नसेल.

कायद्याचाही विचार मी केला होता. आपल्याकडील शस्त्र नियमांच्या अनुसूचीत 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याची हत्यारे येतात आणि तिथे कृपाणाबरोबर कुकरीचा नावानिशी उल्लेख आहे. म्हणून मी सडपातळ सिरुपाते घाटाच्या, 8 इंच लांब आणि पावणेदोन इंच रुंद पात्याच्या दोन कुकऱ्या सांगितल्या. एक माझ्यासाठी होती आणि दुसरी गोरखा पलटणीतून निवृत्त झालेल्या मेव्हण्यासाठी. ही मापे मी संदेशात लेखी दिली होती. तुम्हीही द्या, पुढे काही उपयोग झालाच तर त्याच संदेशाचा होईल.

एका कुकरीची किंमत 14,800 नेपाळी रुपये ठरली. भारतीय रुपयाचा नेपाळी रुपयाशी असलेला दर 1993 पासून 1.60 वर बांधलेला आहे, त्यामुळे दोन्हींचे मिळून 18,500 भारतीय रुपये होतात, आणि विक्रेत्याने नेमका तोच आकडा सांगितला, एक रुपयाही वर लावला नाही. त्याच्या या चोख हिशेबानेच माझा विश्वास बसला. आता वाटते, ज्याला पुढे दुप्पट लुटायचे आहे त्याने दहावीस रुपयांची लबाडी कशाला करावी?

पैसे पाठवण्याची वेळ आली तेव्हा तो म्हणाला की नेपाळच्या बँकेत रक्कम जमा व्हायला उशीर लागतो, तेव्हा आमच्या भारतातील माणसाच्या खात्यावर पाठवा. यूपीआयच्या पडद्यावर नाव उमटले. ते दुकानाचे नव्हते, कारागिराचे नव्हते, नेपाळी आडनावही नव्हते. माझा अंगठा त्या नावावर थांबला होता, हे मला आजही स्पष्ट आठवते. मी विचारणा केली, आणि त्याने तत्काळ उत्तर दिले की हा आमचा सिलिगुडीचा वाहतूकदार आहे. सीमेपलीकडचा माल सिलिगुडीमार्गे येतो हे मला माहीत होते, उत्तर पटण्यासारखे होते, आणि मी 9,250 रुपये पाठवले. जे पटते तेच उत्तर तो देणार, कारण हाच प्रश्न माझ्याआधी इतरांनीही विचारला असणार, हे त्या क्षणी सुचायला हवे होते. पण दुकान नेपाळचे आणि व्यवहार भारतीय रुपयांत असताना मधे एखादा भारतीय माणूस असणे यात कोणत्याही समजदार माणसाला काय खटकले असते, हे मला कोणी तरी सांगावे. असो. बँकेचा पडदा नाव दाखवतो ते शोभेसाठी नव्हे; दुकानाच्या नावाशी ते जुळत नसेल तर तिथेच थांबा.

पुढचे 9,250 रुपये ‘तयार’ कुकऱ्यांचे छायाचित्र पाहून दिले. मग वाहतूक आणि विमा म्हणून 3,850 गेले. त्यानंतर परत मिळणारी सीमाशुल्क अनामत म्हणून 7,400 गेले. सीमाशुल्क हे माल इथे आल्यावर टपाल खात्यामार्फत किंवा कुरियरमार्फत, पावती घेऊन भरायचे असते; ते विक्रेत्याच्या खात्यावर कधीच जमा करायचे नसते. मला हे माहीत नव्हते असे नाही, पण 18,500 अडकलेले असताना माणूस 7,400 साठी घासाघीस करत नाही, आणि समोरच्याला हे पक्के ठाऊक असते.

पार्सल आले. त्यावर सिलिगुडीचा पत्ता होता, सीमाशुल्काचा एकही शिक्का किंवा कागद नव्हता. आत दोनऐवजी एकच कुकरी होती. म्यानातून ती ओढताना आतला पुठ्ठा भुग्यासारखा बाहेर आला. पाते आरशासारखे चकाकत होते, मूठ हातात खुळखुळत होती, आणि सोबत येणारी कर्द ही छोटी सुरी आणि चकमक ही धार लावायची बोथट पट्टी, दोन्ही चक्क पत्र्याच्या कापलेल्या होत्या. वाळक्या बांबूवर एकच घाव घातला तर धार दुमडली. मेव्हण्याने ती हातात घेतली आणि काही न बोलता टेबलावर ठेवली. मी पाते मोजले तेव्हा ते भरले 11 इंच.

त्या लांबीचा अर्थ लगेच कळला. दुसऱ्या कुकरीबद्दल जाब विचारताच विक्रेत्याने ‘शस्त्र परवाना प्रमाणपत्रा’साठी आणखी 12,000 रुपये मागितले, आणि न दिल्यास तुमच्या घरात 11 इंची हत्यार असल्याचे पोलिसांना कळवू, अशी धमकी दिली. ते मी दिले नाहीत. मी स्वतःच ती कुकरी घेऊन पोलीस ठाण्यात गेलो.

तिथे जे घडले त्याचा राग मूळ फसवणुकीपेक्षा जास्त आहे. भोजपूर हा शब्द ऐकताच ठाणे अंमलदारांनी अर्जावर ‘बिहार’ असे लिहिले. हे भोजपूर नेपाळच्या पूर्वेकडील डोंगरात आहे असे मी सांगितल्यावर, “मग ते आमच्या हद्दीत कसे येणार?” असा प्रश्न आला. पैसे इथल्या खात्यावर गेले आहेत, भारतीय न्याय संहितेचे फसवणुकीचे 318 वे कलम लागू होते, असे म्हटले तर ते हसले आणि म्हणाले, “काका, वस्तू आली ना तुमच्याकडे? मग फसवणूक कसली? माल पसंत पडला नाही असे म्हणा.” मग कोणी तरी लाकडी पट्टी आणून पाते मोजले, आणि ज्या खोलीत मी फिर्यादी म्हणून शिरलो होतो तिथे मलाच परवाना विचारण्यात आला. मी 8 इंचांच्या मागणीचा संदेश दाखवला, तो कोणी वाचला नाही. कुकरी इथेच ठेवून जा, असे सांगण्यात आले. मी मुद्देमालाची पावती मागितली. गुन्हाच दाखल नाही तर मुद्देमाल कसला, असे उत्तर मिळाले. म्हणजे माझ्या हातातला एकमेव पुरावाही गेला, आणि तो गेल्याचा कागदही माझ्याकडे नाही.

बँकेने सांगितले की व्यवहार तुम्ही स्वतः पिन टाकून केला आहे, त्यामुळे खातेदाराच्या नकळत झालेल्या व्यवहारांना मिळणारे संरक्षण तुम्हाला लागू नाही. समोरचे खाते गोठवा म्हटले तर बँक पोलिसांचे पत्र मागते, आणि पोलीस आधी बँकेचे पत्र आणायला सांगतात. या दोन खिडक्यांमधून मी किती वेळा ये-जा केली ते लिहिण्यातही आता लाज वाटते. ग्राहक आयोगाकडे जायचे तर विरुद्ध पक्षाचा पत्ता लागतो, आणि पार्सलवरील पत्त्यावर पाठवलेली माझी नोटीस ‘असा इसम आढळत नाही’ या शेऱ्यासह परत आली.

ज्यांचे पैसे नुकतेच गेले आहेत त्यांनी वस्तू येण्याची वाट पाहू नये. 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर त्याच तासात नोंद करावी, कारण रक्कम समोरच्या खात्यात असेपर्यंतच ती रोखता येते. मी पार्सलची वाट पाहत राहिलो आणि ती वेळ निघून गेली. पार्सल आलेच तर ते उघडतानाचे चित्रीकरण करा, पात्याला मोजायची टेप लावलेली दिसेल असे, आणि वस्तू कोणाच्याही हवाली करण्यापूर्वी लेखी पोच घ्या. खरा कारागीर असेल तर तो तुमच्यासमोर, चालू व्हिडिओवर, पाते मोजून दाखवायला कधीही तयार होईल. माझा विक्रेता मात्र दर वेळी भट्टीजवळ नेटवर्क नसल्याचे सांगत असे, आणि छायाचित्रे तेवढी तत्काळ येत.

ते दुकान आता दुसऱ्या नावाने चालू आहे. छायाचित्रे तीच आहेत: मागे निळे पिंप, त्यावर काळी पडलेली किटली, पुढे शिंगाच्या मुठीच्या दोन कुकऱ्या, आणि त्यांतल्या डावीकडच्या कुकरीच्या पितळी कड्यावर एक तिरका ओरखडा. हे छायाचित्र कोणी तुम्हाला ‘तुमची कुकरी तयार आहे’ म्हणून पाठवले तर उत्तर न देता आधी ते संभाषण जतन करा, आणि ज्या खात्यावर पैसे मागितले जातील त्याचा तपशील टिपून घ्या. माझ्या अर्जाला जोडायला तो मला हवा आहे.