ब्रिटनमधली थिअरी टेस्ट: बुकिंग, अधिकृत ॲप आणि त्या १४ क्लिप्स

भारतातलं लायसन्स घेऊन ब्रिटनमध्ये राहायला आलात की त्यावर १२ महिने गाडी चालवता येते. त्यानंतर ते चालत नाही, आणि ते जमा करून इथलं मिळण्याची सोय भारतीय लायसन्सला नाही. म्हणजे प्रोव्हिजनल (शिकाऊ लायसन्स), थिअरी (नियमांची आणि धोके ओळखण्याची संगणकावरची परीक्षा), प्रॅक्टिकल (रस्त्यावरची परीक्षा), सगळं पहिल्यापासून. मी पुण्यात वर्षानुवर्षं गाडी चालवली आहे. तरीही सांगते, थिअरीला मनापासून बसावं लागतं, आणि ते बसणं सार्थकी लागतं. शिवाय वर्ष संपत येईपर्यंत थांबू नका. नुसतं प्रोव्हिजनल हातात असलं की शेजारी २१ वर्षांच्या वरचा, ३ वर्षं पूर्ण लायसन्स असलेला माणूस बसवावा लागतो आणि गाडीला 'एल' पाट्या लावाव्या लागतात.

आधी बुकिंग. ते सरकारी संकेतस्थळावरच करा, म्हणजे गव्ह डॉट यूकेवर. फी २३ पौंड. प्रोव्हिजनलचा नंबर, ई-मेल आणि पैसे भरायला कार्ड, एवढ्यावर काम होतं. जवळचं सेंटर आणि सोयीची वेळ आपणच निवडायची. माझ्या दृष्टीने या सगळ्या प्रवासातला हा सर्वांत सोपा टप्पा. मात्र सर्च केलं की सगळ्यांत वर जाहिराती दिसतात, अगदी सरकारी वाटाव्यात अशा. आमच्या ओळखीतल्या एका विद्यार्थ्याने तशाच एका साइटवरून बुकिंग केलं आणि 'सेवा शुल्क' म्हणून बरेच जास्त पैसे भरले. पदरात पडलं काय, तर तेच सेंटर आणि तीच परीक्षा. याचा मला खरोखर राग येतो, कारण यात सापडतात ती नवीन आलेली, पै-पै जपून वापरणारी मुलं. तारीख बदलायची असेल तर परीक्षेच्या आधी ३ पूर्ण कामाचे दिवस शिल्लक असतानाच बदला, नाहीतर फी गेली.

अभ्यासासाठी मी डीव्हीएसएचं, म्हणजे या परीक्षा घेणाऱ्या सरकारी संस्थेचं, अधिकृत थिअरी टेस्ट किट वापरलं, फोनवरचं ॲप. त्यात सरावाचे प्रश्न आहेत, हायवे कोड (रस्त्याच्या नियमांचं सरकारी पुस्तक) आहे आणि हॅझर्ड परसेप्शनच्या, म्हणजे रस्त्यावरचा धोका ओळखायच्या, व्हिडिओ क्लिप्सही आहेत. मला सर्वांत आवडलं ते हे की उत्तरासोबत ते तसंच का, याचं छोटं स्पष्टीकरण येतं. तेवढं वाचण्याचा कंटाळा करू नका. खऱ्या परीक्षेतले प्रश्न जसेच्या तसे प्रसिद्ध होत नाहीत, त्यामुळे उत्तरं घोकून गेलेला माणूस शब्द जरा फिरवले की अडकतो. पैसे खर्च करायचे नसतील तर हायवे कोड सरकारी संकेतस्थळावर पूर्ण फुकट वाचता येतो, आणि सराव परीक्षाही तिथे आहे.

पहिल्या भागात ५० प्रश्न, ५७ मिनिटं, पास व्हायला ४३ बरोबर. वेळ भरपूर पुरते. आपल्याकडून आलेल्यांनी सवयीवर उत्तरं देऊ नयेत, एवढंच. दिवे लुकलुकवायचे ते फक्त 'मी इथे आहे' हे कळवायला. 'बाजूला हो' किंवा 'तू जा' सांगायला नाही. वस्तीत रात्री ११.३० ते सकाळी ७ हॉर्न वाजवायचा नाही. वळताना त्या रस्त्याच्या तोंडाशी कुणी चालत ओलांडायला थांबलं असेल तर आपण थांबायचं. हा बदल २०२२ च्या जानेवारीत आला, त्यामुळे कुणी जुनं पुस्तक दिलं तर त्यात तो सापडणार नाही.

थांबण्याच्या अंतरांचा तक्ता बघून पुष्कळांना धडकी भरते. तो पाठ करण्याआधी नीट बघा. ताशी २० मैलांना विचाराचं अंतर (धोका दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत गाडी जाते ते) ६ मीटर आणि ब्रेकचं ६ मीटर. वेग दुप्पट करा, ४० मैल: विचाराचं १२, पण ब्रेकचं २४. विचाराचं अंतर वेगाइतकंच वाढतं, ब्रेकचं वेगाच्या वर्गाने. ७० मैलांना एकूण ९६ मीटर होतात, आणि ओल्या रस्त्यावर पुढच्या गाडीपासूनचं अंतर दुप्पट ठेवायचं. हे एकदा डोक्यात बसलं की तक्ता आपोआप लक्षात राहतो, आणि मोटरवेवर पुढच्या गाडीच्या मागे मागे चिकटून जायची इच्छाच होत नाही.

खरी परीक्षा आहे ती दुसरा भाग, हॅझर्ड परसेप्शन. क्लिप बघताना धोका घडू लागला की माउसने क्लिक करायचं. १४ क्लिप्स, त्यांतल्या एकीत दोन धोके, एका धोक्याला जास्तीत जास्त ५ गुण. ७५ पैकी ४४ हवेत. चांगला हात बसलेले ड्रायव्हर इथेच कमी पडतात, असं मी आजूबाजूला पाहिलं आहे. कारण समजून घ्या. समजा डावीकडे एक गाडी उभी आहे. ती दिसताच क्लिक केलं तर गुण नाहीत, कारण ती अजून काहीच करत नाही. जवळ गेल्यावर तिचा उजवा इंडिकेटर लागतो. आता ती बाहेर येणार, आपल्याला वेग कमी करावा लागणार. गुणांची खिडकी इथे उघडते, आणि जितका उशीर कराल तितके गुण ५ वरून खाली घसरतात. आपल्या रस्त्यांवर तयार झालेली नजर त्या गाडीला पहिल्याच क्षणी संशयाने पाहते. नजर उत्तमच आहे, पण क्लिक खिडकी उघडण्याआधी पडतं आणि हातात शून्य येतं. यावर उपाय म्हणजे संशय आला तेव्हा एकदा आणि धोका हलायला लागला तेव्हा पुन्हा एकदा क्लिक करायचं. सतत किंवा ठेक्यात क्लिक करत राहिलात तर मात्र त्या क्लिपचे गुण जातात. सराव करताना त्याच त्या क्लिप्स फार वेळा पाहू नका. धोका कुठे येणार हे पाठ झालं की सरावाला अर्थ उरत नाही. त्यापेक्षा बसमध्ये वरच्या मजल्यावर पुढे बसा आणि रस्ता बघत मनातल्या मनात क्लिक करा. मला याचा फार उपयोग झाला.

परीक्षा फक्त इंग्रजी किंवा वेल्शमध्ये असते. इतर भाषांत प्रश्न ऐकण्याची सोय २०१४ मध्ये बंद झाली. वाचण्यात अडचण असेल तर हेडफोनवर इंग्रजीतून प्रश्न ऐकता येतात, पण ते बुकिंग करतानाच सांगायचं. माझ्या नणंदेचं सगळं शिक्षण मराठी माध्यमातलं. तिने हायवे कोडमधले अडणारे शब्द एका वहीत मराठी अर्थासकट उतरवले आणि रोज एकेक पान वाचलं. तिची तयारी माझ्याहून पक्की होती.

सेंटरवर प्रोव्हिजनलचं कार्ड विसरलात तर बसू देत नाहीत आणि फीही जाते. फोन, घड्याळ, पाकीट सगळं लॉकरमध्ये. दोन भागांच्या मध्ये ३ मिनिटांची विश्रांती मिळते, ती जरूर घ्या, डोळ्यांना बरं वाटतं. दोनपैकी एका भागात कमी पडलात तर दोन्ही भाग पुन्हा द्यावे लागतात, म्हणून तयारीचा सगळा वेळ पहिल्या भागावर घालवून क्लिप्सना थोडका ठेवू नका.

निकाल तिथेच हातात मिळतो. त्यावरचा नंबर २ वर्षं चालतो आणि प्रॅक्टिकल बुक करायला तोच लागतो. बऱ्याच ठिकाणी प्रॅक्टिकलच्या तारखा महिनोन्महिने पुढच्या असतात. तेव्हा निकाल मिळाला त्याच संध्याकाळी तारीख शोधायला बसा.