मॉर्मन पायनियर बायकांचा माग: चर्च हिस्टरी बायोग्राफिकल डेटाबेस कितपत उपयोगी?

१८४७ ते १८६८ या काळात मॉर्मन या ख्रिस्ती पंथाची हजारो कुटुंबं बैलगाड्या आणि हातगाड्या घेऊन अमेरिकेतल्या युटाला पोचली. त्यांच्या नोंदी शोधायची चर्च हिस्टरी बायोग्राफिकल डेटाबेस ही मोफत ऑनलाइन सेवा याच पंथाच्या, सॉल्ट लेक सिटीतल्या चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्सचा इतिहास विभाग चालवतो. आमचं मत आधीच सांगतो. बाईचा वाटेवरचा प्रवास समजून घ्यायला यासारखी दुसरी सोय नाही. पण तो प्रवास म्हणजे तिच्या आयुष्यातला एक उन्हाळा. तिचं माहेर, बाळंतपणं, सवती (पंथात तेव्हा बहुपत्नीत्व होतं), म्हातारपण हे सगळं दुसरीकडे शोधावं लागतं, आणि इथेच थांबणाऱ्याच्या हाती फक्त चालत जाणारी बाई लागते.

शोधताना नाव पूर्ण टाकू नये. आधी फक्त पहिलं नाव आणि जन्मवर्ष, मग माहेरचं आडनाव, मग नवऱ्याचं, अशा तीन वेगळ्या फेऱ्या कराव्यात. बाईचं लग्न वाटेत किंवा युटात पोचल्यावर झालं असेल, तर प्रवासाच्या यादीत ती माहेरच्या नावानेच असते. विधवा होऊन पुन्हा लग्न केलेल्या बाईची तर तीन आडनावं निघू शकतात. डेन्मार्कहून आलेल्या बायकांच्या बाबतीत गोंधळ जास्त. गावच्या चर्चच्या वहीत हान्सडाटर असलेली मुलगी युटात हान्सन होते, आणि त्याच नावाच्या, त्याच वयाच्या आणखी बायका आसपास असतातच. तिथे आईवडिलांची नावं आणि जन्मगाव जुळल्याशिवाय नोंद आपली मानू नये.

नोंद सापडली की खरं काम तांड्याच्या पानावर सुरू होतं. तांडाप्रमुखाचं नाव, निघाल्याची आणि पोचल्याची तारीख, निघण्याचं ठिकाण, सोबतच्या लोकांची यादी आणि त्याखाली त्या प्रवासाबद्दलच्या रोजनिश्या, पत्रं, आठवणी यांची सूची, असं सगळं एका जागी मिळतं. पुष्कळ उतारे टाइप केलेले असल्यामुळे जुनं हस्ताक्षर लावत बसावं लागत नाही. आपल्या बाईने स्वतः एक ओळही लिहिली नसली तरी त्याच तांड्यातल्या दुसऱ्या कुणाच्या रोजनिशीवरून नदी कधी ओलांडली, पीठ कधी कमी केलं, कुणाचं मूल कुठे पुरलं, हे दिवसागणिक कळतं. या सेवेचं सर्वांत मोठं बळ हेच आहे, आणि यादीत नाव पाहून पान बंद करणारे नेमके त्यालाच मुकतात.

हातगाड्यांच्या तांड्यांचं पान वाचताना जास्त सावध राहावं. १८५६ ते १८६० दरम्यान असे १० तांडे निघाले, माणसं सुमारे ३,०००. मोठ्या माणसाला कपडे आणि अंथरूण मिळून १७ पौंड सामान नेता येई, म्हणून घरची कुठली वस्तू हातगाडीवरून आली ही कौटुंबिक गोष्ट ऐकली की आधी तिचं वजन बघावं. १८५६ मधले विली आणि मार्टिन हे दोन तांडे उशिरा निघाले, ऑक्टोबरात आजच्या वायोमिंगमध्ये बर्फात सापडले आणि दोन्ही मिळून २०० हून जास्त माणसं दगावली. विली तांड्यातले बहुतेक लोक थॉर्नटन जहाजातून आले, मार्टिनमधले होरायझनमधून. पण जहाजाच्या यादीत नाव आहे म्हणून बाई त्या तांड्याबरोबर सॉल्ट लेकपर्यंत गेलीच असं होत नाही. काही कुटुंबं वाटेत थांबली, काही मागून येणाऱ्या हॉजेट आणि हंट यांच्या गाड्यांच्या तांड्यांत होती. जहाजासाठी ब्रिगहॅम यंग विद्यापीठाचा सेंट्स बाय सी हा वेगळा संग्रह आहे. तो उघडा ठेवून दोन्ही याद्या शेजारी शेजारी लावाव्यात.

ठिकाणांचाही घोळ होतो. १८६४ ते १८६६ मध्ये निघण्याचं ठिकाण वायोमिंग असं दिसलं तर ते नेब्रास्कातलं, मिझूरी नदीकाठचं गाव. त्याचा आजच्या वायोमिंग राज्याशी संबंध नाही. नकाशावर चुकीच्या जागी खूण केली की प्रवासाचा निम्मा रस्ताच गायब होतो. १८६९ मध्ये रेल्वे जोडली गेली. त्यानंतर आलेली बाई प्रवासाच्या या यादीत नसणारच, म्हणून ‘नोंद नाही’ याचा अर्थ ‘आली नाही’ असा घेऊ नये.

आता कुटुंब. इथे ही सेवा तोकडी पडते. पुढच्या टप्प्यासाठी फॅमिलीसर्च हे वंशावळीचं संकेतस्थळ लागतं. खातं मोफत उघडता येतं, जनगणनेची पानं बघता येतात. युटाची १८५० ची जनगणना प्रत्यक्षात १८५१ मध्ये झाली. तिच्यात घरातल्या प्रत्येकाचं नाव आहे, पण नातं लिहिलेलं नाही. नात्याचा रकाना १८८० पासून आला. त्यामुळे १८५०, १८६० किंवा १८७० च्या पानावर एका घरात दोन बायका आणि सात मुलं दिसली की सगळी मुलं पहिल्या बाईच्या नावावर चढवायचा मोह आवरावा. १८५६ च्या युटाच्या जनगणनेवर एकटीवर विसंबू नये. लोकसंख्या फुगवण्यासाठी मेलेल्यांची आणि कधी न आलेल्यांची नावंही तिच्यात घातलेली आहेत. १८९० ची पानं जवळजवळ सगळी नष्ट झाली. १९०० ची मात्र सोन्यासारखी: जन्माचा महिना आणि वर्ष, देशात आल्याचं वर्ष, आणि बाईला किती मुलं झाली व किती हयात आहेत, हे दोन आकडे. हयात नसलेली मुलं मोजायला सुरुवात इथूनच करावी.

फॅमिलीसर्चवरचं झाड, म्हणजे वंशवृक्ष, मात्र सगळ्यांचं मिळून एकच असतं आणि कुणीही त्यात बदल करू शकतं. बहुपत्नी घरांत सवतीची मुलं इकडची तिकडे जोडली जातात, एकाच नावाच्या दोन बायका एक केल्या जातात. प्रत्येक वेळी बदलांची यादी उघडून कुणी, कधी, कोणत्या पुराव्यावर जोडलं ते पाहावं. मुलाची आई ठरवायला त्याचा मृत्यूचा दाखला चांगला. युटात हे दाखले १९०५ पासून मिळतात आणि त्यांवर आईचं माहेरचं नाव विचारलेलं असतं. लग्नाचे सरकारी परवाने १८८७ च्या आसपास सुरू झाले, त्याआधीचं लग्न चर्चच्या वह्यांत आणि त्यातला काही भाग सर्वांना खुला नाही.

जन्माची सरकारी नोंद नाही तिथे सुइणींच्या रोजनिश्या कामी येतात. पॅटी सेशन्स १८४७ मध्ये वयाच्या पन्नाशीत सॉल्ट लेकच्या दरीत पोचली आणि कुणाच्या घरी मुलगा झाला, कुणाच्या मुलगी, हे लिहीत राहिली. तिथेही बाळंतीण बहुतेक वेळा नवऱ्याच्या आडनावाने, ‘सिस्टर’ अमुक अशीच येते. म्हणून नवऱ्याचं नाव, गाव आणि तारीख तिन्ही जुळवावी लागतात.

सगळे स्रोत एकत्र आले की काय उभं राहतं याचा नमुना म्हणजे जेन मॅनिंग जेम्स. ही कृष्णवर्णीय बाई नवरा आयझॅक आणि मुलं सिल्व्हेस्टर व सायलस यांच्यासह १८४७ मध्ये दरीत पोचली. प्रवासाच्या नोंदीतून कळतं ते एवढंच. मंदिरातल्या विधींसाठी तिने वर्षानुवर्षं केलेल्या विनंत्या आणि त्यांना मिळालेले नकार, तिने सांगून लिहवून घेतलेलं आत्मकथन, १९०८ मधला मृत्यू हे सगळं इतर कागदांत आहे. युटा विद्यापीठाचा सेंचुरी ऑफ ब्लॅक मॉर्मन्स हा संग्रह अशा कुटुंबांसाठी आधी उघडावा.

सेवेबद्दल शेवटचं. मूळ कागद सॉल्ट लेक सिटीतल्या चर्च हिस्टरी लायब्ररीत आहेत, प्रवेश मोफत आहे आणि प्रश्न ऑनलाइनही विचारता येतो. प्रश्न नेमका असावा: बाईची सगळी नावं, जन्मवर्ष, तांडा, आणि नक्की काय हवंय. ‘माझ्या पणजीबद्दल सगळी माहिती द्या’ याला उपयोगी उत्तर येणं कठीण. चूक सापडली तर दुरुस्ती सुचवता येते, पण सोबत त्या काळचा कागद जोडावा. कुटुंबातली आठवण किंवा दुसऱ्या झाडावरची नोंद यांवर तांडा बदलून मिळेल अशी अपेक्षा धरू नये, आणि तसं न मिळणंच योग्य आहे. पान उतरवून घेताना स्रोताचा संग्रह क्रमांक आणि पाहिल्याची तारीख टिपून ठेवावी. नोंदी सुधारल्या जात असतात, आणि आज दिसलेला तांडा पुढच्या वर्षी वेगळा दिसू शकतो.