युव्हायटिस: मेथोट्रेक्सेट की मायकोफेनोलेट?

डोळ्याच्या आतली सूज, म्हणजे युव्हायटिस, जंतुसंसर्गामुळे नसेल तर पहिल्यांदा स्टेरॉइडनेच आटोक्यात आणतात, पण ते वर्षानुवर्षं घेत बसलात तर मोतीबिंदू, काचबिंदू, शुगर, हाडं ठिसूळ अशी लाइनच लागते, म्हणून स्टेरॉइड कमी करता यावं यासाठी प्रतिकारशक्ती दाबणारी दुसरी गोळी जोडतात. आता ती मेथोट्रेक्सेट की मायकोफेनोलेट, हा खरा वाद.

बरीच वर्षं डॉक्टर मंडळींचा कल मायकोफेनोलेटकडे होता, ते जास्त पॉवरफुल असा समज. मग दोन्हींची तुलना करणारी फास्ट नावाची ट्रायल झाली, 2019 मध्ये छापून आली, 216 पेशंट, मदुराईचं अरविंद आय हॉस्पिटलही त्यात होतं (आपल्याकडचा डेटा आहे म्हणून मला जास्त पटतो). सहा महिन्यांनी मेथोट्रेक्सेटवाल्यांपैकी 66.7 टक्क्यांना गुण आला, मायकोफेनोलेटवाल्यांपैकी 57.1. फरक मोठा वाटतो पण आकडेशास्त्राच्या हिशेबात तो ठोस धरत नाहीत, म्हणजे मायकोफेनोलेट सरस हे काही सिद्ध झालं नाही. सूज डोळ्याच्या मागच्या भागात किंवा सगळीकडे असेल तर मात्र मेथोट्रेक्सेट पुढे दिसलं.

मेथोट्रेक्सेट स्वस्त, आठवड्यातून एकदाच, सोबत फॉलिक अ‍ॅसिड. फक्त चुकून रोज घेतलं तर जिवावर बेततं, कॅलेंडरवर वार लिहूनच ठेवा. मायकोफेनोलेट रोज दोनदा, महाग, पोट बिघडवणारं. रक्त तपासण्या दोन्हीत आहेतच, आणि प्रेग्नन्सीत दोन्ही नकोत.

माझं मत? आधी मेथोट्रेक्सेट.