चार्ज पंपावरचा हाय-साइड स्विच, आठ महिन्यांनंतर: पंप बंद केला तरी दिवा विझत नाही

हाय-साइड स्विच म्हणजे सप्लायच्या प्लस बाजूला, लोडच्या आधी बसणारा स्विच. इथे ते काम मॉस्फेट करतो. तो पूर्ण उघडायला त्याचं गेट (नियंत्रणाची पिन) सोर्सच्या (लोडकडच्या पिनच्या), म्हणजे सप्लायच्याही, बरंच वर न्यावं लागतं आणि ते जादा व्होल्टेज चार्ज पंप तयार करतो. १२ व्होल्टवर चालणारं तयार सर्किट: ५५५ टायमर, दोन १एन४१४८ डायोड, १० नॅनोफॅरॅडचा पंप कपॅसिटर, १०० नॅनोफॅरॅडचा साठ्याचा कपॅसिटर आणि आयआरएफझेड४४एन मॉस्फेट. सुरू असताना तक्रारीला जागा नाही. ५० वॅटच्या दिव्याला ४.२ अँपियर जातात आणि पूर्ण उघडल्यावरच्या १७.५ मिलिओहम रोधाच्या हिशेबाने मॉस्फेटमध्ये जेमतेम ०.३ वॅट जळतात. हाताला कोमटही लागत नाही.

पण 'बंद' केल्यावर मॉस्फेट इतका तापतो की त्यावर बोट ठेवता येत नाही!

कारण सर्किटच्या नकाशातच आहे. स्विच बंद करायला फक्त ५५५ ची ४ नंबरची (रीसेट) पिन जमिनीला, म्हणजे ग्राउंडला, ओढली आहे. पंप थांबतो, पण दोन्ही डायोड सप्लायकडून गेटकडे सरळ वाट देतात. गेटवर १०.८ व्होल्ट बसून राहतात, सोर्स त्याच्या चारेक व्होल्ट खाली उभा राहतो आणि दिवा सात व्होल्टवर पिवळट जळत राहतो. उरलेले पाच व्होल्ट मॉस्फेटवर, त्यातून तीन अँपियर, म्हणजे १५ वॅट. चालू असताना ०.३ आणि बंद असताना १५! हीटसिंकशिवाय मॉस्फेट गेलाच म्हणून समजा. विकणाऱ्याला विचारलं तर उत्तर 'मोठं हीटसिंक लावा'. यावर काय बोलणार?

गेटपासून जमिनीला १०० किलोओहम लावूनही काही होत नाही, डायोडची वाट त्याला पुरून उरते. गेट खाली खेचायला ट्रान्झिस्टरच हवा. साठ्याचा कपॅसिटर आणि गेट यांच्यामध्ये ४७ किलोओहम, गेटवरून बीसी५४७ जमिनीला, त्याच्या कलेक्टरमध्ये १ किलोओहम. हा १ किलोओहम चैन म्हणून नाही. तो नसेल आणि लोडवर मोठा कपॅसिटर असेल तर बंद करताना सोर्स १२ व्होल्टवरच राहतो आणि गेट-सोर्समधला संरक्षक झेनर सोर्सकडून गेटकडे साध्या डायोडसारखा वाहून बीसी५४७ ला घेऊन जातो. बीसी५४७ चा सिग्नल ४ नंबरच्या पिनच्या उलट हवा, हे विसरू नका.

४७ च्या जागी १० किलोओहमही चालतो, पण मग स्विच बंद असताना जवळपास एक मिलिअँपियर गळती, म्हणजे बॅटरीतून महिन्याला सुमारे ७०० मिलिअँपियर-तास फुकट. ४७ ला तीच १६० च्या आसपास येते. मोबदल्यात चालू व्हायला मिलिसेकंदभर लागतो. दिव्याला ते चालतं, पीडब्ल्यूएमला (भराभर चालू-बंद करून उजेड कमी-जास्त करायला) अजिबात नाही.

चालू असताना गेटला अपेक्षेपेक्षा कमी व्होल्टेज मिळतं, त्याचा दोष सुरुवातीला डायोडना दिला होता. तो मागे घ्यावा लागला. कमी व्होल्टेज खाणारे शॉट्की डायोड लावून जेमतेम अर्धा व्होल्ट मिळतो. खरा चोर साधा ५५५ आहे: त्याचं आउटपुट सप्लायच्या दीड व्होल्ट खालीच थांबतं. त्यामुळे गेट सोर्सच्या वर ९.२ व्होल्ट, आणि बॅटरी १०.५ वर उतरली की ७.७. १७.५ मिलिओहमचा आकडा गेट-सोर्समध्ये १० व्होल्ट असतानाचा आहे, ७.७ चा नव्हे. त्याच खोबणीत ५५५ चा सीमॉस भाऊ ७५५५ बसवला की १०.८ मिळतात आणि आयसीची स्वतःची भूकही मिलिअँपियरवरून मायक्रोअँपियरवर येते. हा एक बदल बाकी सगळ्या उठाठेवीपेक्षा स्वस्त आणि जास्त कामाचा. फक्त त्याची कमाल मर्यादा १८ व्होल्ट, तेव्हा गाडीत वापरताना सप्लायला १०० ओहम आणि १५ व्होल्टचा झेनर हवाच.

गेट-सोर्स झेनर १५ व्होल्टचा. आउटपुट शॉर्ट झालं की सोर्स शून्यावर कोसळतो, गेटवर २२ व्होल्ट तसेच असतात आणि गेटखालच्या ऑक्साइडच्या पातळ थराची मर्यादा २० ची. लॉजिक-लेव्हल (कमी गेट व्होल्टेजवर उघडणारा) आयआरएलझेड४४एन घेतलात तर मर्यादा १६ ची, मग झेनर १२ चा घ्या. मोटर किंवा रिले असेल तर लोडवर उलटा डायोड हवाच. नाहीतर बंद करताना सोर्स शून्याच्या खाली जातो आणि गेट जमिनीवर असूनही मॉस्फेट पुन्हा वाहायला लागतो.

गेटचं व्होल्टेज मोजताना मीटरची काळी तार जमिनीला नको, सोर्सला लावा.